डाइटची पोट्टी

रायपुरात 'डाइट' या शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि मला हवा होता तो लोकांना माहीत नव्हता. लोकांच्या लेखी डाइट म्हणजे शाळामास्तर घडवणारी जिल्ह्याची सरकारी प्रशिक्षण संस्था. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की डाइट होतं. घरातलं पोर तिथे लागलं की मोहल्ल्यात पेढे वाटत, कारण मागोमाग मास्तरकी येणार हे सगळे धरूनच चालत. खाण्यापिण्याचं डाइट म्हणजे टीव्हीवरच्या बायकांचं खूळ. मी त्या खुळाचं शिक्षण घेत होते. आजारी माणसाने काय खावं, किती खावं, हे ठरवणारी आहारतज्ज्ञ व्हायचं मी मनात घेतलं होतं.

हे माझ्या मनात भरलं ते आईमुळे. मी गृहविज्ञानाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचं ऑपरेशन झालं. आई पंडरीतल्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची, आणि आठ दिवस पडून राहावं लागणार याचंच तिला जास्त दुखत होतं. तिसऱ्या दिवशी एक सुती साडीतली बाई वही घेऊन तिच्या खाटेशी आली आणि म्हणाली, "दीदी, घर में आप क्या खाती हैं? सबको खिलाने के बाद, आप खुद?" आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग सांगत बसली. उरलेल्या पोळीचं, चहात बुडवलेल्या टोस्टचं, सगळंच. ती बाई गेल्यावर आई मला म्हणाली, "मले आजपावेतो कोणं इचारलं नाही, मी काय खातो म्हणून." मलाही ते कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. लाज वाटली, आणि त्याच दिवशी मी ठरवलं की हेच काम करायचं.

ठरवणं सोपं होतं. पदवीनंतर आहारशास्त्राची एक वर्षाची पदविका, मग मोठ्या दवाखान्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्यानंतर परीक्षा. इंटर्नशिप केली नाही तर पदविका म्हणजे भिंतीवर लावायचा कागद. पदविकेची फी आमच्या आवाक्याबाहेरची होती. सरकारी शिष्यवृत्तीच्या यादीत हा अभ्यासक्रमच नव्हता, आणि असता तरी आम्हाला उपयोग नव्हता. माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी विदर्भातून इकडे आले होते. जातीच्या दाखल्याच्या खिडकीवर त्यांच्याही आधीचा, इथल्या मातीतला कागद मागत. तो आमच्याकडे कुठून येणार? राज्य नवं झालं होतं, जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं होतं, शहरभर पाट्या रंगवणं चालू होतं, पण खिडकीवर कागद मात्र जुनाच लागायचा. वडील स्वतः सरकारी कार्यालयात बाबू. दुसऱ्यांच्या अर्जांवर 'कागद अपूर्ण' असा शेरा मारण्यात त्यांचा जन्म गेला होता. आमच्याच अर्जावर तो शेरा आला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "बराबर लिवलं त्यानं."

मग उरलं आमच्या समाजाचं मंडळ. विदर्भातून आलेल्या घरांनी मिळून ते काढलं होतं. दरवर्षी एका मुलीला शिक्षणासाठी मदत मिळायची, निम्मी प्रवेशाच्या वेळी आणि निम्मी 'पुढील प्रशिक्षणाच्या वेळी'. अर्ज बाबांनीच लिहिला. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, आणि कमी शब्दांत काम काढणारं वाक्य लिहिण्यात त्यांचा हात धरणारा त्यांच्या कार्यालयात कोणी नव्हता. मी वाचलं. 'अर्जदाराच्या मुलीचा डाइटमध्ये क्रमांक लागला आहे.'

"बाबा, त्यांना ती शाळावाली डाइट वाटेल," मी म्हटलं.

"वाटू दे. आपण काय खोटं लिवलं का? डाइटले डाइट नाही म्हणू तं काय म्हणू?"

"पण..."

"तू काहून डोकं लावून राहिली? खरं सांगत बसलो तं म्हणतील, सैपाक शिकायले पैसे कायले पाह्यजे."

मी हसले, आणि हे कबूल केलंच पाहिजे की मला मजा वाटली. ध चा मा करायचीही गरज पडली नव्हती. शब्द जसाच्या तसा होता, फक्त वाचणाऱ्याचं डोकं दुसरीकडे जाणार होतं. बाबांनी आणि मी मिळून केलेली ती पहिली चलाखी. आयुष्यभर नियमाला घाबरून राहिलेला हा माणूस माझ्यासाठी एवढं करतो, याचं मला फार कौतुक वाटलं.

मदत मंजूर झाली. समता कॉलोनीतल्या एका हॉलमध्ये मंडळाचं संमेलन झालं. तिथे मला शाल आणि नारळ मिळाला. मंडळाचे सचिव रेल्वेतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. आम्ही सगळे त्यांना सचिवकाका म्हणायचो. ते माइकवरून म्हणाले, "हे आपली डाइटची पोट्टी. उद्या मास्तरीनबाई होईन, आपल्या पोराईले शिकवन." टाळ्या पडल्या. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते डोळ्यांनी तरी हसतील. ते सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होते.

ते वर्ष मी मनापासून शिकले. एका वाटीत किती वरण मावतं, मधुमेह झालेल्याचा भात किती कमी करायचा, मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या भाज्यांचं पाणी का फेकायचं. मंडळातल्या काकू रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "शाळेत पाठवते का वो तुले आतापासून? पोट्टे ऐकते का?" मी म्हणायचे, ऐकतात. घरी येऊन आईला सांगायचे आणि आम्ही दोघी हसायचो. बाबा हसायचे नाहीत. त्यांच्या कार्यालयातही पोट्टी डाइटमध्ये आहे हे पसरलं होतं, आणि साहेबाने त्यांना एकदा बसवून चहा पाजला होता. त्या चहाचं त्यांनी घरी दोनदा सांगितलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की चलाखी आता मला एकटीलाच चलाखी वाटते आहे.

पदविका झाली. मग इंटर्नशिपसाठी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवणं सुरू झालं. चालतील एवढे मोठे दवाखाने शहरात बोटावर मोजण्याइतके. त्यात जागा दोन-तीन, आणि त्याही ओळखीच्यांच्या मुलींना ठरलेल्या. सकाळी सातला स्वयंपाकघरात हजर व्हायचं, संध्याकाळपर्यंत वॉर्डातून ताटांमागे फिरायचं, पगार शून्य, आणि वर शिकवण्याची फी आपणच द्यायची. शिकवण्या घेऊन चार पैसे मिळवायलाही वेळ उरत नाही. ज्या मुलीचं घर सहा महिने तिला बसून पोसू शकतं तिच्यासाठीच हा धंदा आखलेला आहे, असं माझं तेव्हा मत झालं. आजही ते बदललेलं नाही.

शेवटी तेलीबांध्याकडच्या एका नव्या दवाखान्यात मुलाखतीला बोलावलं. तिथल्या मुख्य आहारतज्ज्ञ पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी पुस्तकातलं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, "धमतरीकडचा एक म्हातारा दाखल आहे. शुगर वाढलेली. तुला विचारतो, 'बासी खाहूं त चलही का, नोनी?' काय सांगशील?"

नोनी म्हणजे पोरी. रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी बटकीत, म्हणजे वाडग्यात, मीठ-कांद्याशी खायचा, ती बासी. मी म्हटलं, "बासी बंद करा म्हटलं तर तो मान हलवेल आणि घरी जाऊन खाईल. मी विचारेन, बटकी केवढी असते. मग म्हणेन, बासी खा, पण लहान बटकीत, आणि सोबत भाजी वाढवा. पुढच्या वेळी आला तर अजून थोडी कमी करू."

"आणि पुढच्या वेळी आलाच नाही तर?"

"बंद करा म्हटलं असतं तर नक्कीच आला नसता."

त्यांनी वहीत काही लिहिलं. चार दिवसांनी पत्र आलं. निवड झाली होती. पंधरा दिवसांत फी भरायची, नाही तर जागा पुढच्या मुलीला. पत्र हातात घेऊन मी घरभर फिरले. मंडळाची उरलेली निम्मी मदत बरोबर याच कामाची होती.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. "मी बोलतो सचिवकाकाशी," म्हणाले. "तू मधात पडू नको."

मी मधात पडले नाही. पुढच्या रविवारी सकाळी त्याच दिवशीच्या बैठकीचा निरोप आला, मुलीलाही घेऊन या म्हणून. मी नवी सलवार-कमीज घातली. मला वाटलं, आभार मानायला बोलावलं असेल.

हॉलमध्ये आठ-दहा पुरुष खुर्च्यांवर बसले होते. सचिवकाकांच्या हातात माझं पत्र होतं. त्यांनी ते वर धरलं आणि विचारलं, "बेटा, हे डाइट कोणती?"

उत्तर मी द्यायचं नव्हतं. अर्ज बाबांचा, वाक्य बाबांचं, तेव्हा बाबाच काही तरी बाबूछाप बोलून हे निभावून नेतील, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले. हात जोडले.

"मलेही आताच समजलं," ते म्हणाले. "पोट्टीनं मलेही अंधारात ठेवलं. मी तं शिक्षिकाच होऊन राहिली समजत होतो."

मला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग एकेक जण बोलायला लागला. एकाने म्हटलं, आजकालच्या पोट्ट्या. दुसरा म्हणाला, बापाला मान खाली घालायला लावली. मी तोंड उघडलं असतं तर बाबा खोटे ठरले असते, तेही अशा माणसांपुढे, ज्यांच्या लग्नकार्यात त्यांना पुढच्या पंगतीत बसायचं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी खुर्चीवर सरळ बसून खाल्ला.

ठरलं असं, की उरलेली मदत थांबवायची. मुलीने माफीचं पत्र द्यावं. आणि ती खरोखरच्या डाइटमध्ये गेली तर मंडळ उदार मनाने विचार करील. माफीचं पत्र बाबांनी घरी सांगितलं आणि मी लिहिलं. 'मी माझ्या वडिलांना अंधारात ठेवून मंडळाची दिशाभूल केली, याचा मला पश्चात्ताप होत आहे.' वाक्यं त्यांना भराभर सुचत होती. 'होत आहे'नंतर पूर्णविराम राहिला, तोही त्यांनी दाखवून दिला.

मी धडपड केली. बँकेत गेले. तिथे म्हणाले, इंटर्नशिप म्हणजे अभ्यासक्रम नव्हे, कर्ज बसत नाही. आईने दुकानदाराकडे आगाऊ पैसे मागितले. त्याने दोन महिन्यांचे दिले, त्यात फीचा कोपराही भरला नाही. दवाखान्यातल्या बाईंकडे गेले तर त्यांनी आठवडा वाढवून दिला आणि सरळ सांगितलं, "फी माझ्या हातात नाही. असती तर तुला घेतलं असतं." आठवडा संपला. जागा दुसऱ्या मुलीला गेली. तिने मला नंतर एकदा गाठून विचारलं होतं की तिथे डबा न्यावा लागतो का. मी सांगितलं, मला माहीत नाही.

त्याच महिन्यात बाबांनी त्या दुसऱ्या डाइटचा फॉर्म आणला. मी परीक्षा दिली, नंबर लागला, मंडळाने राहिलेली मदत दिली, सचिवकाकांनी पुन्हा शाल घातली. पुढे शिक्षाकर्मी, म्हणजे कंत्राटी मास्तरीन, म्हणून लागले, बदल्या भोगल्या, पक्की झाले. वाईट मास्तरीन नाही मी. पोरं मला भितात आणि जवळही येतात. पण डब्यात काय आणलं हे विचारताना माझं अजून भान सुटतं, आणि मग तास बुडतो.

मंडळाचं नाव मात्र मी टाकलं. अर्जातला एक शब्द धरून ज्यांनी माझं आयुष्य वळवलं, त्या लोकांना मी मनातल्या मनात वर्षानुवर्षं शिव्या दिल्या. आईने तर मंडळाच्या हळदीकुंकवाला जाणंच सोडलं. "माह्या पोरीले ज्यायनं असं केलं त्यायच्या घरचं हळदकुंकू मले नको," म्हणायची. तिच्या जिवाभावाच्या चार बायका तिथे होत्या. त्या सुटल्या त्या सुटल्याच. बाबा तिला जा म्हणाले नाहीत, नको जाऊ असंही म्हणाले नाहीत.

बाबांना मी माफ केलं होतं. लगेच नाही, तीनेक वर्षांनी. मी स्वतःला समजावलं की तो माणूस दहा जणांसमोर घाबरला. सगळा जन्म साहेबापुढे उभं राहण्यात गेला. अचानक प्रश्न आला आणि तोंडाला आलं ते बोलून गेला. भित्रेपणा आहे, दुष्टपणा नाही. एवढं मनाशी ठरवल्यावर त्यांच्याशी पहिल्यासारखं बोलता यायला लागलं. सणावाराला त्यांच्या पाया पडताना मला खरंच काही वाटत नसे.

मागच्या वर्षी समाजातल्या एका लग्नात सचिवकाका भेटले. आता ते थकलेत, कानाला यंत्र आहे, पण आवाज तसाच. मी टाळून पुढे जात होते. त्यांनी हाक मारली, "ये वो मास्तरीनबाई, बस इथं." बसावं लागलं. ताटात वांग्याची भाजी होती, तिच्याकडे बघत ते म्हणाले, "तुह्या बापासारखा खरा माणूस मी पाह्यला नाही."

मी पोळीचा तुकडा मोडत राहिले. त्यांना वाटलं, मला ऐकायचं आहे.

"तो बैठकीचा किस्सा आठवते ना तुले? आमाले कोणाले काय मालूम होतं वो. आमी तं डाइट म्हणलं की डाइट. तुहा बापच आला माह्या घरी, बैठकीच्या आदल्या दिवशी. पत्र माह्या हातात देल्लं. म्हणे, भाऊ, पोट्टीनं फसवलं, मी मंडळाले फसवू शकत नाही. एवढा खरा माणूस."

"मग तुम्ही मदत थांबवली," मी म्हटलं.

"आमी?" काकांनी घास खाली ठेवला. "मी तं देऊन राहिलो होतो. मी म्हणलो, दवाखाना तं दवाखाना. पोट्टी शिकूनच राहिली ना, पळून तं नाही चालली. त्यानंच हात जोडले माह्यासमोर. नका देऊ म्हणे. तुमी बैठकीत बोला, माह्यानं बोलल्या जात नाही. बापाचं मन असते बाई. ज्याच्या भल्याचं त्याले नाही समजत."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि मी इतकी वर्षं शेजाऱ्यांच्या गाई हाकलत बसले होते. मी ताट तसंच ठेवून उठले. काकांना वाटलं, मला भरून आलं. भरून आलं नव्हतं, मला राग आला होता. असा राग मला त्या बैठकीतही आला नव्हता. बाबांच्या ज्या गुन्ह्याची मी त्यांना मेहनतीने माफी दिली होती, तो गुन्हा त्यांनी केलाच नव्हता. ते घाबरले नव्हते. ते आदल्या दिवशीच चपला घालून, पत्र खिशात टाकून, सगळं ठरवून काकांकडे गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी बाबांकडे गेले. आई पंडरीला गेली होती. बरंच झालं, तिला मी हे अजून सांगितलेलं नाही. बाबा अंगणात खुर्ची टाकून मटर सोलत बसले होते. मी काकांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते नाकबूल करतील, निदान आठवत नाही म्हणतील, अशी माझी तयारी होती.

"हव," ते म्हणाले. "मीच गेल्तो."

"काहून?"

"दवाखान्यात सहा महिने फुकटात राबाचं, मंग परीक्षा, मंग नोकरी लागन का नाही तेही ठिकाण नाही. इकडे सरकारी नोकरी समोर दिसून राहिली. मले तं पह्यलेपासून तेच डाइट बरी वाटत होती."

"मग मला नाही म्हणायचं होतं. घरात, माझ्या तोंडावर."

"मी नाही म्हणलो असतो तं तू मले जन्मभर बोलली असती. मंडळाले बोलली. मंडळाचं काय गेलं?"

त्यांच्या आवाजात ना चोरी होती ना लाज. एखादी फाइल कशी निकाली काढली ते सांगावं तसं ते सांगत होते. मला ओरडायचं होतं. आईच्या त्या चार मैत्रिणी, ते माफीचं पत्र, त्यातला त्यांनी दाखवलेला पूर्णविराम, सगळं एकदम तोंडाशी आलं. जे निघालं ते फार लहान होतं.

"मला एकदा विचारायचं तरी होतं," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खरोखर विचारात पडल्यासारखे दिसले.

"इचारलं असतं तं तू हव म्हणली असती का?"

"नाही."

"मंग?" ते म्हणाले, आणि त्यांनी पुढची शेंग हातात घेतली.